जिनिव्हाला बदली झाली? घराआधी शाळेचं बघा

जिनिव्हाच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा ठाण्यातल्या आमच्या घरात पहिली चर्चा झाली ती थंडीची. कुणी स्वेटर सुचवले, कुणी म्हणालं कुकर दोन न्या. शाळेचा विषय निघाला तो तिकिटं काढून झाल्यावर. शाळा जूनमध्ये सुरू होतात या आपल्या हिशेबाने आम्ही जूनमध्ये येऊन थडकलो, आणि जूनअखेर इथे शाळा सुटल्या. नवं वर्ष ऑगस्टच्या शेवटी उघडतं. खासगी शाळांच्या जागा मात्र आदल्या हिवाळ्यापासूनच भरत येतात. मोठीचं नाव एका शाळेच्या वेटिंग लिस्टवर पडलं आणि ती अडीच महिने घरात बसून खिडकीतून ट्राम मोजत राहिली.

त्याला आता सात वर्षं झाली. थोरली इथल्या एका खासगी आंतरराष्ट्रीय शाळेत शिकली, धाकटा घराजवळच्या सरकारी शाळेत जातो. त्यामुळे दोन्हीकडची थोडीफार ओळख झाली आहे. दर वर्षी कुणी ना कुणी पुण्या-मुंबईहून येतं, फोन करतं आणि तेच प्रश्न विचारतं. तेव्हा एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी घरातल्या घरात एक प्रश्न सोडवा

इथून पुढे कुठे जायचंय? दोन वर्षांनी परत पुण्याला, की नोकरी नेईल तिकडे, नैरोबी, बँकॉक, न्यूयॉर्क? की इथेच राहायचं? शाळेची फी, निकाल, मैदान, हे सगळं नंतर बघा. या प्रश्नाचं उत्तर बदललं की शाळाही बदलते. लोक उलटं करतात. आधी शाळा पसंत करतात आणि मूल दहावीच्या वयाचं झाल्यावर ‘परत गेलो तर काय?’ म्हणून जागे होतात.

हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी याच गावात, आपल्यासारख्याच नोकरीनिमित्त आलेल्या आईबापांना तो पडला आणि त्यातून एक शाळा उभी राहिली. जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळांचं कूळ शोधत गेलं की तिच्या दाराशी पोचतं. त्यामुळे तुम्ही शेवटी दुसरीकडे प्रवेश घेतलात तरी हिची गोष्ट माहीत असावी. पुढे जे डीपी, एमवायपी असले अभ्यासक्रमांचे शब्द कानावर आदळणार आहेत, ते का जन्माला आले ते त्यातून कळतं.

एकोलिंट: आठ मुलांची शाळा

शाळेचं पूर्ण नाव ‘एकोल अँतरनासियोनाल द जनॅव्ह’. एवढं कुणी म्हणत नाही, सगळे ‘एकोलिंट’ म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचं, म्हणजे लीग ऑफ नेशन्सचं, मुख्यालय जिनिव्हात आलं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही आली, आणि पंचवीस-तीस देशांचे अधिकारी बायकामुलांसह या लहानशा फ्रेंचभाषक गावात उतरले. गावातल्या शाळा चांगल्या होत्या, पण त्या स्विस मुलांना स्विस नागरिक करण्यासाठी होत्या. कारकुनी संपवून परत गेल्यावर आपल्या मुलांना लंडनच्या किंवा वॉर्साच्या शाळेत कोण बसवून घेणार?

राष्ट्रसंघाच्या माहिती विभागातले अमेरिकन आर्थर स्वीट्सर आणि आरोग्य विभागाचे पोलिश प्रमुख लुद्विक राय्खमान यांनी मग स्वतःच शाळा काढायचं ठरवलं. हेच राय्खमान पुढे युनिसेफच्या स्थापनेतले प्रमुख. शिकवायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते ठाऊक असलेली माणसं गावातच होती. एदुआर क्लापारेद यांनी १९१२ मध्ये इथे ज्याँ-जाक रूसो इन्स्टिट्यूट काढली होती. मूल कसं शिकतं याचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथे चालायचा, आणि ज्याँ पियाजेही तिथेच काम करत होते. त्या मंडळींतले आदॉल्फ फेरिएर शाळेला येऊन मिळाले. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये फेरिएर कुटुंबाच्या जागेतल्या एका लाकडी घरात वर्ग भरला. पटावर आठ मुलं.

योकोहामातली आंतरराष्ट्रीय शाळाही त्याच वर्षीची, त्यामुळे ‘जगातली पहिली कोण?’ यावर दोन्हीकडचे माजी विद्यार्थी अजून हुज्जत घालतात. त्यात आपण पडू नये.

आता आपल्याशी जोडलेला धागा. कमला नेहरूंच्या उपचारांसाठी जवाहरलाल १९२६ मध्ये सहकुटुंब जिनिव्हाला आले. आठ वर्षांच्या इंदिरेचं नाव त्यांनी याच शाळेत घातलं. म्हणजे शाळा अवघी दोन वर्षांची असताना तिच्या पटावर अलाहाबादची मुलगी होती. नंतर ती स्वित्झर्लंडमधल्याच बेक्स गावच्या दुसऱ्या शाळेत गेली, १९२७ च्या अखेरीस कुटुंब भारतात परतलं, आणि १९३१ मध्ये इंदिरा पुण्यात दाखल झाली. जहांगीर आणि कुंवरबाई वकील या दांपत्याच्या ‘प्युपिल्स ओन स्कूल’मध्ये. तिथून ती येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना भेटायला जायची. जिनिव्हा ते पुणे असा शाळाबदल करणारं आपलं मूल पहिलं नाही, हे मी दर वेळी नव्या आयांना सांगते. त्यांना बरं वाटतं.

मोरेतबाईंचा नकाशा

शाळेला खरा आकार दिला मारी-तेरेज मोरेत यांनी. १९२९ पासून १९४९ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं त्या संचालक होत्या. त्यांचे वडील पॉल द्युपुई पॅरिसच्या नामांकित एकोल नॉर्मालमधून आलेले, आणि त्यांनी इथे भूगोल शिकवला. सगळीकडे भूगोल ‘माझं गाव, माझा तालुका, माझा देश’ असा आतून बाहेर जातो. आपणही चौथीत जिल्ह्याचाच भूगोल शिकलो. इथे उलट. आधी अख्खी पृथ्वी, तिचे समुद्र, तिचे वारे, मग खंड, आणि देश सगळ्यांत शेवटी. तीस देशांची मुलं एका बाकावर असताना ‘माझा देश’ म्हणून फळ्यावर काढणार तरी कुठला?

इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषा बरोबरीने चालवायच्या हेही मोरेतबाईंच्याच काळात मुरलं. १९४८ मध्ये युनेस्कोसाठी त्यांनी एक टिपण लिहिलं: शांततेसाठी शिक्षणाची काही तंत्रं आहेत का? प्रश्नचिन्ह त्यांचंच. मध्ये दुसरं महायुद्ध होऊन गेलं होतं, शाळेचा पट पार खाली आला होता, राष्ट्रसंघ मोडला होता. तरी बाईंनी हा प्रश्न विचारला. मला या शाळेच्या इतिहासात सगळ्यात जास्त आवडतं ते हे प्रश्नचिन्ह.

आणि मग तो जुना प्रश्न: परत गेल्यावर काय?

एवढं सगळं होऊनही पहिला प्रश्न सुटला नव्हताच. खालच्या वर्गांत सगळी मुलं एकत्र शिकायची, पण वरच्या वर्गांत येताच वाटली जायची. फ्रेंच मुलं बाकालोरियाच्या तयारीला, इंग्रज मुलं त्यांच्या परीक्षांना, अमेरिकन कॉलेज बोर्डाला, स्विस मात्युरितेला. एकाच शाळेत, एकाच मजल्यावर, चार वेगळे अभ्यासक्रम. दोन-चार मुलांसाठी एक शिक्षक. खर्च तर होताच, शिवाय इतकी वर्षं ‘एक जग’ म्हणून शिकवायचं आणि शेवटी ज्याच्या त्याच्या देशाच्या रांगेत उभं करायचं, यातली विसंगती शिक्षकांना टोचत होती.

१९६२ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय शाळांतल्या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद भरली. एकोलिंटचे इतिहासशिक्षक रॉबर्ट लीच तिच्या मागे होते. तिथून सामायिक परीक्षेची कल्पना पुढे सरकली. सुरुवात कुठल्या विषयाने केली असेल? गणिताने केली असती तर सोपं होतं. यांनी निवडला समकालीन इतिहास, म्हणजे ज्यावर दोन देशांचं कधी एकमत होत नाही तो विषय. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय बाकालोरिया संघटना जिनिव्हात रीतसर नोंदली गेली आणि ऑक्सफर्डचे अॅलेक पीटरसन तिचे पहिले महासंचालक झाले. आज आपण जिला आयबी म्हणतो ती ही. भारतात १९७६ मध्ये कोडाईकनालच्या शाळेने ती पहिल्यांदा आणली. पुण्याजवळ मुळशी खोऱ्यावरच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आहे, तेही आयबीचंच.

पोटाची सोय म्हणून निघालेली ही परीक्षा. बदलीवाल्या नोकरदारांच्या मुलांची सोय. मुंबईत आता तिची जी शान झाली आहे ती पाहून मला कधी कधी हसू येतं.

आज काय काय आहे

एकोलिंट आता नफा न कमावणाऱ्या प्रतिष्ठानाची शाळा आहे. तिची तीन आवारं आहेत आणि साडेचार हजारांच्या आसपास मुलं तिथे शिकतात. तिन्ही आवारांचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून ‘एकोलिंटला घालतोय’ एवढं पुरत नाही, कुठलं आवार ते सांगावं लागतं.

ला ग्राँद ब्वासिएर हे जुनं, मूळ आवार. सगळे ‘एलजीबी’ म्हणतात. शहराच्या पूर्वेला रूत द शेनवर, दारावरून बारा नंबरची ट्राम जाते. जुनी झाडं, जुन्या इमारती, मुलांचा गजबजाट. इंग्रजी-फ्रेंच जोडभाषेचं वळण इथे जुनं आहे. ला शातेन्यरे, म्हणजे ‘ला शात’, फूनेक्स गावात, शेतांच्या आणि द्राक्षमळ्यांच्या कडेला. ती आधी वेगळी निवासी शाळा होती, १९७४ मध्ये एकोलिंटमध्ये आली. लक्षात ठेवा, फूनेक्स जिनिव्हा कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, नाही, शेजारच्या व्हो कँटनमध्ये आहे. सगळ्यात जवळचं मोठं स्टेशन कोपे. शहराच्या पलीकडच्या टोकाला घर घेतलंत तर मूल रोज तलावाला अर्धा वळसा घालून शाळेत जाईल. तिसरं काँप्युस दे नासियों, म्हणजे ‘नेशन्स’, २००५ चं, संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांच्या परिसरात. आईबाप तिथेच नोकरीला असतील तर सकाळची धावपळ निम्मी होते.

अभ्यासक्रमांची अक्षरं एकदाच समजून घ्या. पीवायपी लहानांसाठी, साधारण तीन ते बारा. एमवायपी अकरा ते सोळा. शेवटची दोन वर्षं डीपी, म्हणजे डिप्लोमा. त्याला समांतर सीपी, ज्यात व्यवसायाकडे जाणारा अभ्यास जोडलेला असतो. नेशन्स आवारात ही सगळी आयबीची शिडी आहे. बाकी ठिकाणी मधल्या वर्गांत आयजीसीएसई या ब्रिटिश वळणाच्या परीक्षेचं नाव ऐकू येईल. एलजीबीकडून युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाबरोबर तयार केलेल्या ‘युनिव्हर्सल लर्निंग प्रोग्रॅम’चंही नाव येईल. मधले वर्ग सारखे बदलत असतात. म्हणून विचारताना ‘शाळेत काय आहे?’ असं मोघम विचारू नका. ‘माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये या वर्गात बसेल, तिला सोळाव्या वर्षापर्यंत कुठले विषय, कुठल्या परीक्षा?’ असं विचारा.

डिप्लोमाचं गणित असं: सहा विषय, तीन वरच्या पातळीवर, तीन साध्या. प्रत्येकी सात गुण, म्हणजे बेचाळीस. त्याशिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे आणि ‘थिअरी ऑफ नॉलेज’ मिळून तीन. एकूण ४५, उत्तीर्ण व्हायला किमान २४ आणि आणखी काही अटी. ‘कॅस’ म्हणून जी कला, व्यायाम, समाजसेवा असते तिला गुण नाहीत, पण ती केल्याशिवाय डिप्लोमा नाही. आपल्या लोकांना टक्क्यांची सवय. ३८ गुण पडलेल्या मुलीला आजोबा फोनवर ‘अडतीसच?’ म्हणाले, तो किस्सा आमच्या घरातलाच.

तीन सातव्या

अर्ज भरण्याआधी वर्गाचं नाव नीट जुळवा. पोरगं भारतात सातवीत, म्हणजे साधारण बारा वर्षांचं. इंग्रजी वळणाच्या शाळांत ‘इयर सेव्हन’ अकरा वर्षांच्या मुलांचं. जिनिव्हाच्या सरकारी शाळेत ‘सेत-पे’, म्हणजे ७-पी, दहा वर्षांच्या मुलांची. तीन सातव्या, तीन वयं. एका कुटुंबाने फॉर्मवर सरळ ‘७’ लिहिलं आणि मुलगा चाचणीला गेला तर बाकावर सगळी त्याच्या खांद्याइतकी. म्हणून अर्जावर इयत्तेआधी जन्मतारीख ठळक लिहा. सरकारी शाळेत वयाची सीमारेषा ३१ जुलै आहे.

सरकारी शाळा नाकारण्याआधी एकदा बघून या

आपल्याकडे ‘सरकारी’ म्हटलं की तोंड वाकडं होतं. इथे तसं नाही. बँकेतल्या साहेबाची आणि सफाई कामगाराची मुलं एकाच वर्गात असतात, फी नाही, आणि शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. फ्रेंच येत नसलेल्या मुलांसाठी ‘क्लास दाक्य’ म्हणजे स्वागतवर्ग असतो. धाकटा सहाव्या वर्षी गेला आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत आजीला फोनवर फ्रेंचमध्ये रागवायला लागला. वर्गात शिरताना बूट काढून घरातल्या सपाता घालायच्या, त्याला फार आवडलं. रिदमीक नावाचा एक तास असतो, ताल ऐकून अंगाने उत्तर द्यायचं. जिनिव्हाच्या जाक-दालक्रोझ यांची ही पद्धत. सुरुवातीला मला ती कवायत वाटली, मग एकदा बघितली आणि लेझीम आठवली.

डिसेंबरमधला एस्कालाद मात्र कुठल्याही शाळेत चुकत नाही. १६०२ मध्ये सव्हॉयच्या सैन्याने रात्री शिड्या लावून गाव घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मेर र्‍वायोम नावाच्या बाईने उकळत्या सुपाचं भांडं शत्रूच्या डोक्यावर ओतलं अशी कथा आहे. म्हणून चॉकलेटचं भांडं फोडायचं. कोंडाण्याची गोष्ट ऐकून वाढलेल्या पोरांना ही बाई लगेच आपली वाटते.

अडचण कुठे येते? एक, वेळेची. दुपारी जेवायला दोन तास सुट्टी, मूल घरी येतं किंवा शाळेच्या जेवणव्यवस्थेत नाव घालावं लागतं. लहान वर्गांना बुधवारी सुट्टी असते. आईबाप दोघं नोकरी करत असतील तर हा बुधवार डोकं खातो. दोन, वयाची. बारा वर्षांनंतर मुलं ‘सिक्ल दोरियाँतासियों’त, म्हणजे माध्यमिक शाळेत, जातात आणि तिथे गुणांवरून गट पडतात. तेरा वर्षांचं हुशार मूल फ्रेंच कच्ची म्हणून मागच्या गटात बसलं तर त्याला लागतं. माझं सरळ मत असं: मूल नऊच्या आत असेल आणि तीन-चार वर्षं तरी राहणार असाल, तर सरकारी शाळेला पहिला मान द्या. तेराच्या पुढे असेल आणि मुक्काम अनिश्चित असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळा. मधल्या वयांचं ज्याचं त्याने ठरवावं, मी तिथे हात वर करते.

सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत काम करणारे बरेच जण सीमेपलीकडे फ्रान्समध्ये घर घेतात. त्यांच्यासाठी फेर्ने-व्होल्तेरचं लिसे अँतरनासियोनाल हा तिसरा पर्याय. ती फ्रेंच सरकारी शाळा आहे, परभाषांचे विभाग असलेली.

पैसे

खासगी आंतरराष्ट्रीय शाळेची वरच्या वर्गांची फी वर्षाला तीस हजार फ्रँकच्या वर जाते. रुपयांत गुणाकार करू नका, झोप उडेल. अर्जाची फी, नोंदणी, बस, जेवण, सहली हे वेगळं.

नोकरी संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय पदावर असेल तर शिक्षण अनुदान मिळतं. पण ‘ऑफिस सगळं भरतं’ हा गैरसमज आधी काढा. फीचा पहिला टप्पा ८६ टक्क्यांनी परत मिळतो, रक्कम वाढत जाते तसा टक्का उतरत ६१ पर्यंत येतो, आणि एका मर्यादेपुढे काहीच नाही. शिवाय आधी खिशातून भरायचं, मग पावती लावायची. पहिल्या वर्षी ही तारांबळ मोठी असते, आगाऊ रकमेचा अर्ज करता येतो का ते कामावर रुजू होतानाच विचारा. खासगी कंपनीत असाल तर शाळेची फी पगाराच्या पत्रात लेखी मागून घ्या. तोंडी ‘बघू’ म्हणजे नाहीच.

परत येणार असाल तर हे आत्ताच वाचा

आयबी डिप्लोमाला भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, बारावीच्या तोडीचा मानतो, समकक्षतेचा दाखलाही देतो. एवढ्यावर लोक निश्चिंत होतात. खरी मेख विषयांत असते.

अभियांत्रिकीला जायचं तर भौतिक, रसायन आणि गणित धरून चाला. आयबीत गणिताच्या दोन वाटा आहेत: ‘अॅनालिसिस अँड अॅप्रोचेस’ आणि ‘अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’. पहिली घ्या, जमल्यास वरच्या पातळीवर. वैद्यकीयला जायचं तर गुंता आणखी. नीटला भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्ही लागतात, आणि डिप्लोमाच्या नेहमीच्या चौकटीत दोनच शास्त्रं बसतात. तिसरं हवं असेल तर सामाजिक शास्त्रांच्या गटातला विषय सोडून खास परवानगी काढावी लागते, आणि ती विषय निवडतानाच. बारावीच्या मध्यात जागं होऊन उपयोग नाही. आणि महाराष्ट्राच्या कोट्यातून प्रवेश मिळेल असं गृहीत धरू नका, तिथे दहावी आणि बारावी कुठून केली हे पाहतात.

मराठीबद्दल एक. डिप्लोमात पहिली भाषा म्हणून मातृभाषेचं साहित्य शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासून साध्या पातळीवर घेता येतं, शाळेत त्या भाषेचे शिक्षक नसले तरी. दोन भाषा ‘पहिली’ म्हणून घेतल्या तर डिप्लोमा द्विभाषक मिळतो. मराठीची सोय होईल का, हे डीपी समन्वयकाला निदान दोन वर्षं आधी विचारा. मूल तोवर मराठी वाचतं-लिहितं राहिलं पाहिजे, हा त्यातला अवघड भाग. आमची तिथेच गाडी अडली. थोरली बोलते झकास, पण जोडाक्षर आलं की थांबते.

अर्ज

हिवाळा सुरू होण्याआधी अर्ज टाका. दोन शाळांत टाका. सोबत हवी जन्मदाखल्याची प्रत, पासपोर्ट, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची नोंद. मराठी माध्यमाचं प्रगतिपुस्तक असेल तर भारतातूनच भाषांतर करून, शिक्का मारून आणा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जपून ठेवा. इथे तो कुणी मागत नाही, पण परत गेल्यावर पहिला तोच मागतात. राहण्याचा परवाना, म्हणजे बी परमिट किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांवाल्यांचं लेजितिमासियों कार्ड, नंतर दिलं तरी चालतं.

मुलाला खास मदत लागत असेल, वाचनात अडचण, ऐकण्यात अडचण, तर लपवू नका. आपल्याकडे ‘नाव खराब होईल’ म्हणून झाकतात. इथे आधी सांगितलं तर व्यवस्था होते.

फॉर्मवर ‘घरात बोलली जाणारी भाषा’ असा रकाना असतो. एका रांगेचाच. आम्ही मराठी लिहिलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तो शब्द बोट ठेवून दोनदा म्हणून पाहिला, ‘रा’वर जोर देऊन, आणि मोठीला विचारलं, बरोबर म्हटलं का? तोवर गप्प बसलेली ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, ‘ठी’ नीट नाही आला. मग पाच मिनिटं बाई ‘ठ’ शिकत होत्या. इंग्रजीची चाचणी नंतर झाली.

भेटीला जाल तेव्हा चकचकीत नाट्यगृह बघून भारावू नका. मधल्या सुट्टीत थांबा. मुलं कुठल्या भाषेत भांडतात ते ऐका. नवीन आलेलं मूल कुणाबरोबर डबा खातं ते बघा. आणि एवढं विचारा: गेल्या वर्षी मध्येच आलेल्या मुलांना फ्रेंच किंवा इंग्रजीची वेगळी मदत किती महिने दिलीत, आणि तिची फी वेगळी होती का?

पहिले काही आठवडे

डब्यात शेंगदाण्याचा कूट टाळा. दाण्यांची अॅलर्जी असलेली मुलं असतात म्हणून बऱ्याच शाळांत बंदीच आहे. म्हणजे साबुदाण्याची खिचडी घरीच. थेपले, पराठे, दहीभात चालतं. मूल पहिले तीन महिने घरी येऊन काहीच सांगत नाही, मग एक दिवस थांबत नाही. मधल्या काळात शिक्षिकेला रोज मेल करायचा मोह आवरा, मी आवरला नव्हता.

आणि एक तारीख. बहुतेक खासगी शाळा पुढच्या वर्षी मूल येणार नसेल तर ते काही महिने आधी लेखी मागतात. उशीर झाला तर पुढच्या सत्राची फी जाते. बदलीचा हुकूम नेमका त्या तारखेनंतर येतो. करार हातात पडेल त्या दिवशी ती तारीख शोधा आणि फ्रिजवर लावा. आमच्याकडे ती अजून लावलेली आहे, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चुंबकाखाली.